क्लब कोणाचा, परवाना कोणाचा, छापा कोणाचा?

धाराशिव जिल्हा पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात ‘जुगार विरोधी कारवाई’ हे शीर्षक वाचकांच्या सवयीचे झाले आहे. मजकूरही ठरलेला असतो. अमुक गावच्या शिवारात, पानटपरीमागे किंवा बसस्थानकाजवळ, कल्याण मटक्याचे किंवा तिरट जुगाराचे साहित्य आणि थोडी रोकड घेऊन काही इसम पथकाला मिळून आले. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 (अ) खाली गुन्हा नोंदवला. रक्कम बहुधा शेकड्यांत, फार तर काही हजारांत. नावे असतात ती खेळणाऱ्यांची किंवा आकडा लिहून घेणाऱ्याची. आकडा पुढे कोणाकडे जातो, बसायची जागा कोणाच्या मालकीची, नफा कोणाच्या घरी पोचतो, याची ओळ सहसा त्यात नसते.

हा सगळा दोष पोलिसांच्या माथी मारणे सोपे आहे, पण अपुरे आहे. रस्त्यावरचा जुगार दिसतो म्हणून पकडला जातो. पाटी लावलेल्या, नोंदणी असलेल्या, वर कोणाचा तरी हात असलेल्या क्लबकडे मात्र कायदा वेगळ्या दाराने जातो, आणि त्या दाराशी बसलेल्या माणसाचे स्वतःचे हितसंबंध काय आहेत हे विचारायची सोय आपल्याकडे फार तोकडी आहे. या लेखात जिल्ह्यातल्या कोणावर आरोप करायचा नाही. व्यवस्था कशी उभी आहे आणि तिची फट कुठे आहे, तेवढे पाहायचे आहे.

कायदा काय म्हणतो

मूळ कायदा 1887 चा, मुंबई इलाख्याचा. त्याच्या कलम 4 प्रमाणे जुगाराचा अड्डा चालवणे हा गुन्हा आहे, कलम 5 प्रमाणे अड्ड्यात सापडणे हा गुन्हा आहे आणि कलम 12 सार्वजनिक जागेवरच्या जुगारासाठी आहे. कलम 12 खाली पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. बंद दारामागच्या अड्ड्यावर छापा घालायला मात्र वरिष्ठ अधिकाऱ्याचे विशेष वॉरंट लागते. झाडाखालच्या तिरटावर शंभर कारवाया आणि क्लबवर एखादीच, असे दृश्य दिसते त्यामागे संगनमताइतकेच हेही कारण असू शकते. वॉरंट लागणार म्हणजे निर्णय वरच्या पातळीवर होणार, आणि निर्णय वरच्या पातळीवर गेला की फोनही वरच्याच पातळीवरून येतात.

अड्डा म्हणजे काय, याची व्याख्या महत्त्वाची आहे. जिथे जुगाराचे साहित्य जागामालकाच्या किंवा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी ठेवले जाते, ती जागा अड्डा. खेळ कुठला यापेक्षा नफा कोणाचा, हा त्या व्याख्येचा कणा आहे. अड्डा चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला किमान दंड ठेवला आहे 500 रुपये. एकेकाळी ही रक्कम जरब बसवणारी असेलही. आज ती एखाद्या क्लबच्या रात्रीच्या चहापाण्यालाही पुरणार नाही.

याच कायद्याच्या कलम 13 मध्ये एक सूट आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. क्लबांची सगळी शिडी या एका कलमावर टेकलेली आहे.

हैदराबादहून आलेली वाट

धाराशिवच्या वाचकाला इथे थोडा घरचा इतिहास सापडेल. जिल्ह्याचे जुने उस्मानाबाद हे नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले होते. 1948 पर्यंत जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे इथे आधी मुंबईचा कायदा नव्हता, हैदराबादचा जुगार कायदा होता, फसली 1305 सालचा. रमीबद्दल देशभर आजही ज्या निकालाचा आधार घेतला जातो, तो निकाल याच हैदराबादी कायद्याखालचा आहे.

4 मे 1963 रोजी पोलिसांनी सिकंदराबादच्या क्रिसेंट रिक्रिएशन क्लबवर छापा घातला. माणसे पैसे लावून रमी खेळत होती. क्लबचे पदाधिकारी आणि खेळाडू आरोपी झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नोव्हेंबर 1967 मध्ये न्या. हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, लावावी लागतात, टाकताना विचार करावा लागतो. म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नाही, असे न्यायालयाने म्हटले. क्लबने पत्त्यांचे, बैठकीचे वाजवी शुल्क घेतले तर तेवढ्याने तो अड्डा होत नाही, हेही सांगितले.

इथपर्यंतचा निकाल प्रत्येक क्लबचालकाला तोंडपाठ असतो. त्याच निकालातले पुढचे वाक्य मात्र फारसे कोणी सांगत नाही. खेळातून क्लब किंवा त्याचा मालक नफा कमावतो असा पुरावा असेल, तर रमी असली तरी गुन्हा शाबीत होऊ शकतो, हा त्याचा आशय. म्हणजे टेबलावर तेरा पाने आहेत की तीन, एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. गल्ला उघडून पाहावा लागतो, आणि तो नेमका उघडला जात नाही.

क्लबचे कागद

पत्त्यांचा क्लब उभा राहतो तो कागदावर फार सोज्वळ असतो. एक संस्था नोंदवली जाते. नाव क्रीडा मंडळाचे, सांस्कृतिक मंडळाचे किंवा एखाद्या थोर पुरुषाचे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची नोंद होते, घटना तयार होते, सात-नऊ पदाधिकारी दाखवले जातात. उद्देशात क्रीडा, व्यायाम, वाचनालय, समाजप्रबोधन असे सगळे असते. कॅरम आणि बुद्धिबळाच्या ओळीत रमी हळूच बसलेली असते.

लोकांच्या करमणुकीची जागा चालवायची तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 33 खालचे 1960 चे नियम येतात. जिल्ह्यात परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. त्याआधी पोलिसांचा अहवाल, ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची ना हरकत, बांधकाम आणि अग्निशमन यांचे दाखले. तमाशाच्या फडाला आणि कला केंद्राला परवाना मिळतो तोही याच नियमांखाली. कळंब तालुक्यातले चोराखळी आणि तिथली महामार्गालगतची कला केंद्रे ज्या कारणांनी चर्चेत आली, त्यामागचा प्रशासकीय प्रश्न क्लबसारखाच आहे. परवाना एका गोष्टीचा, आत चालते दुसरे, आणि मधे तपासायला जाणारा माणूस कोणाच्या मर्जीतला?

क्लबच्या बाजूने युक्तिवाद असा असतो की आमची जागा सभासदांपुरती आहे, बाहेरच्या लोकांसाठी नाही, म्हणून परवानाच लागत नाही. मग दाराशी येईल त्याला पन्नास-शंभर रुपयांची पावती फाडून तासाभरात सभासद करून घेतले जाते. सभासद नोंदवही कोणी मागितलीच तर ती भरलेली असते. एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात.

नालाचा हिशेब

डाव जिंकणाऱ्याच्या रकमेतून चालवणारा जो वाटा काढून घेतो त्याला नाल म्हणतात. डब्याला भोक पाडलेले असते, प्रत्येक डावानंतर त्यात नाल पडतो. खेळणारा हरो वा जिंको, डबा कधी हरत नाही.

नुसत्या कल्पनेने गणित मांडून पाहा. समजा एका टेबलावर डावाची रक्कम सरासरी हजार रुपये, नाल पाच टक्के म्हणजे पन्नास, तासाला वीस डाव. तासाचे हजार झाले. दहा तासांचे दहा हजार. सहा टेबले असली तर दिवसाला साठ हजार, महिन्याला अठरा लाख. हे सगळे रोख, बिनपावतीचे. कागदावर मात्र महिन्याला काही हजारांचे ‘बैठक शुल्क’ दिसते. या दोन आकड्यांमधली जी दरी, तिथेच हप्ता, निवडणुकीचा खर्च, मंडळाची वर्गणी, जयंतीची मिरवणूक आणि कार्यकर्त्यांची गाडी हे सगळे मावते. राजकारणाला क्लब का लागतो, याचे उत्तर पत्त्यांच्या आवडीत शोधू नये. रोज संध्याकाळी हातात येणारी रोकड आणि तिथे जमणारी माणसे, या दोन गोष्टी राजकारणात सगळ्यात महाग आहेत.

धाराशिव जिल्ह्याला भूगोलही अनुकूल आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरगा असा कर्नाटकाकडे जातो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, येडशी, येरमाळ्यावरून. सोलापूर, बीड, लातूर, अहिल्यानगर आणि पलीकडे कर्नाटकातले बिदर-कलबुर्गी, इतक्या हद्दी एका जिल्ह्याला भिडलेल्या. हद्द ओलांडली की ठाणे बदलते आणि कधीकधी राज्यही. नीती आयोगाने 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे घेतले त्यांत गडचिरोली, नंदुरबार, वाशिमबरोबर उस्मानाबाद होता. अशा जिल्ह्यात सोयाबीनचे पैसे हातात आल्याच्या आठवड्यात डब्यात काय पडते, हे कोणत्याही घरातल्या बाईला विचारावे.

हितसंबंध आडवे येतात ते कुठे

सगळ्यात ढोबळ प्रकार म्हणजे लोकप्रतिनिधीच क्लबचा मालक असणे. असे फारसे कोणी कागदावर करत नाही. संस्थेचा अध्यक्ष भाचा असतो, सचिव कार्यकर्ता, जागा मेव्हण्याची. निवडणुकीच्या शपथपत्रात उमेदवाराला स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता दाखवावी लागते; फेब्रुवारी 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उत्पन्नाचा स्रोतही. भाच्याच्या संस्थेतला वाटा त्यात कुठेच येत नाही.

दुसरा प्रकार पैशाशिवायचा आहे आणि म्हणून जास्त चिवट. ज्याने परवान्यासाठी शिफारस केली, ज्याच्या गटाच्या ताब्यातल्या ग्रामपंचायतीने ना हरकत दिली आणि छापा पडल्यावर ज्याचा फोन ठाण्यात गेला, तो एकच माणूस असतो. त्याला एक रुपयाही मिळाला नसेल. मते मिळतात.

आपले कायदे या प्रकाराकडे पाहतच नाहीत, कारण ते कंत्राटाच्या काळात लिहिले गेले. ग्रामपंचायत कायद्याचे कलम 14, जिल्हा परिषद कायद्याचे कलम 16, नगरपरिषद कायद्याचे कलम 16 यांत हितसंबंधामुळे अपात्रता आहे. पण ती त्या-त्या संस्थेच्या कामात किंवा कंत्राटात वाटा असण्याभोवती फिरते. गावच्या गटाराचे काम भावाच्या नावाने घेतलेल्या सदस्यावर पद गमावण्याची वेळ येऊ शकते. जिल्हाधिकाऱ्याच्या परवान्यावर चालणाऱ्या क्लबमध्ये पाती असलेल्या सदस्याला हे कलम सहसा शिवत नाही.

कांदिवलीचा बार आणि सभागृहातला पत्ता

जुलै 2025 मध्ये, पावसाळी अधिवेशनाच्या सुमारास, दोन प्रकरणे आगेमागे गाजली. लोकांना आठवते ते दुसरे. महत्त्वाचे होते पहिले.

पहिले असे. कांदिवलीतल्या सावली या ऑर्केस्ट्रा बारवर पोलिसांनी 30 मे 2025 रोजी छापा घातला होता. या बारचा परवाना गृहराज्यमंत्री योगेश कदम यांच्या आईच्या नावावर असल्याचे विरोधी पक्षाचे आमदार अनिल परब यांनी विधान परिषदेत मांडले आणि राजीनाम्याची मागणी केली. परवाना घरातल्या नावावर होता हे कदम कुटुंबाने नाकारले नाही. बार चालवायला दुसऱ्याला दिला होता, तिथल्या प्रकाराशी आपला संबंध नाही, परवाना परत केला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

बारमध्ये काय चालले होते, कोण दोषी, हा तपासाचा भाग आहे. त्यात न शिरताही मूळ प्रश्न उरतो. ऑर्केस्ट्राचे असे परवाने पोलिसांकडून मिळतात. परवाना नाकारला, रद्द झाला तर अपील शासनाकडे, म्हणजे गृह विभागाकडे जाते. छापा घालणारे पोलीसही गृह विभागाचे. आणि त्याच विभागाच्या राज्यमंत्र्याच्या घरात परवाना. मंत्र्याने एकही फोन केला नाही असे धरले, तरी ठाण्याच्या निरीक्षकाला परवान्यावरचे आडनाव वाचता येतेच. हितसंबंधांचा संघर्ष गुन्हा घडण्याआधीच सुरू झालेला असतो, हे आपल्याकडे अजून पटत नाही. आपण ‘पुरावा काय?’ विचारतो, आणि पुरावा नाही म्हटले की विषय संपतो.

दुसरे प्रकरण तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचे. सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी 20 जुलैला प्रसिद्ध केली. कोकाटे म्हणाले, ती जाहिरात होती, मी ती बंद करत होतो. त्याच दिवशी लातुरात छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कोकाटेंच्या पक्षाचे, राष्ट्रवादीचे, प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यापुढे पत्ते फेकले आणि त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. (लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते, त्यामुळे हा वादही तसा घरचाच.) महिनाअखेर कोकाटेंचे कृषी खाते गेले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले. रमीवरून गेलेल्या मंत्र्याला क्रीडा खाते देण्यातला विनोद सरकारच्या लक्षात आला नसावा.

मंत्री पत्ते खेळला की नाही, यावर महाराष्ट्र दहा दिवस बोलत राहिला. परवाने कोणाच्या घरात आहेत, ही यादी मात्र कोणी मागितली नाही.

आचारसंहिता आहे, अंमल नाही

मंत्र्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने तयार केलेली आचारसंहिता आहे आणि ती राज्यातल्या मंत्र्यांनाही लागू मानली जाते. पद घेताना व्यवसायाच्या चालवण्याशी संबंध तोडावा, दरवर्षी मालमत्ता कळवावी, असे ती सांगते. आणखी एक तरतूद तर आपल्या विषयासाठीच लिहिल्यासारखी आहे. मुख्यतः त्याच सरकारच्या परवान्यांवर, परमिटांवर अवलंबून असलेला धंदा मंत्र्याच्या कुटुंबीयांनी सुरू करू नये किंवा त्यात भाग घेऊ नये, याची काळजी मंत्र्याने घ्यावी.

वाचायला उत्तम. पण हा कायदा नाही. आमदार, जिल्हा परिषद सदस्य, नगराध्यक्ष यांना ही संहिता लागू नाही. आणि राज्यातला मंत्री ती पाळतो की नाही हे पाहायचे कोणी? मुख्यमंत्र्यांनी. आघाडीच्या सरकारात ज्या मंत्र्याच्या पाठिंब्यावर खुर्ची टिकते, त्याच्या घरचे परवाने मुख्यमंत्री तपासतील, अशी अपेक्षा ठेवायला फार भोळे असावे लागते.

गोव्याचा धडा

शेजारच्या गोव्यात जुगार कायदेशीर करून त्यावर देखरेख ठेवण्याचा प्रयोग झाला आहे. 1976 च्या जुगार कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनना वाट मिळाली, 1996 मध्ये जहाजांवरच्या खेळांना. पुढे मांडवी नदीत कॅसिनोंची जहाजे नांगरली. विरोधात असताना भाजपने त्यांच्याविरुद्ध रान उठवले. 2012 मध्ये मनोहर पर्रीकर सत्तेवर आले. जहाजे मांडवीतून हलवण्याच्या मुदती मात्र वाढतच राहिल्या. पक्ष बदलले, जहाजे तिथेच आहेत.

2012 च्या दुरुस्तीत दोन चांगल्या गोष्टी होत्या. गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी आणि देखरेखीसाठी गेमिंग कमिशनर. अंमल सुरू व्हायला फेब्रुवारी 2020 उजाडले. आणि गेमिंग कमिशनर म्हणून नेमले कोणाला, तर राज्याच्या वाणिज्य कर आयुक्तांना! कॅसिनोतून महसूल किती आला हे पाहणे ज्याचे मूळ काम, त्यालाच कॅसिनोवर लगाम घालायचा. इथे कोणाच्या भाच्याचा प्रश्न नाही, खुद्द सरकारच हितसंबंधी आहे. तिजोरीला ज्या धंद्याची सवय लागली, त्याचा निःपक्ष पहारेकरी तिजोरीचाच माणूस कसा होणार?

महाराष्ट्रातही 1976 मध्येच कॅसिनो कायदा मंजूर झाला होता. तो कधी अमलातच आला नाही, आणि 2023 मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. बंदी ठेवली हे ठीक. पण बंदी असलेल्या राज्यात कौशल्याच्या खेळाच्या नावाने जे क्लब चालतात त्यांच्यासाठी वेगळा नियामक नाही, आणि तो नाही म्हणून सगळे पुन्हा ठाणे, तहसील आणि मंत्रालय या जुन्याच साखळीत.

द्यूताध्यक्षापासून नेवाडापर्यंत

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, फासे आणि कवड्या अधिकाऱ्याने पुरवाव्यात, जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के राज्याने घ्यावेत, असे नियम आहेत. फासे ठेवणारे अध्यक्ष शुद्ध असावेत, ही अट तिथे स्पष्ट आहे. खेळणारे बहुधा लबाडच असतात हे कौटिल्याने गृहीत धरले होते. पहारेकऱ्याबद्दल मात्र त्याने तसे गृहीत धरायला नकार दिला.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात 1945 पासून जुगाराचे परवाने कर आयोग देत असे. कर गोळा करणारा आणि परवाना देणारा एकच असला की काय होते, हे तिथल्या लोकांनी पाहिले. 1955 मध्ये चौकशी करणारे नियंत्रण मंडळ आले आणि 1959 मध्ये निर्णय देणारा वेगळा गेमिंग आयोग. एकाने तपासायचे, दुसऱ्याने ठरवायचे. राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य, राज्यातला निवडून आलेला पदाधिकारी किंवा राजकीय पक्षाचा पदाधिकारी या आयोगावर बसू शकत नाही, आणि सदस्याचा जुगार व्यवसायात आर्थिक हितसंबंध चालत नाही. नेवाडाने 1959 मध्ये जे काम कर खात्याकडून काढून घेतले, तेच गोव्याने 2020 मध्ये कर खात्याकडे सोपवले.

ब्रिटनचे उदाहरण आणखी ताजे आहे. 4 जुलै 2024 च्या निवडणुकीची घोषणा होण्याआधीच सत्ताधारी पक्षाच्या आतल्या गोटातल्या काहींनी निवडणूक जुलैत होईल यावर पैजा लावल्याचे उघड झाले. तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांचे संसदीय खासगी सचिव क्रेग विल्यम्स यांनी 100 पौंडांची पैज लावल्याचे मान्य केले. चौकशी पोलीसमंत्र्याच्या मर्जीवर सुरू झाली नाही. 2005 च्या कायद्याने स्थापलेल्या गॅम्बलिंग कमिशनने ती केली आणि एप्रिल 2025 मध्ये 15 जणांवर आरोप ठेवले. शंभर पौंड म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या टेबलाच्या एका तासाची उलाढालही नाही.

आपल्याकडे तक्रार जाते कुठे

पहिली पायरी पोलीस ठाणे, मग पोलीस अधीक्षक, स्थानिक गुन्हे शाखा. हप्त्याची तक्रार असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. त्याचा क्रमांक 1064. पण हा विभागही गृह विभागाच्याच छत्राखाली आहे.

त्याबाहेरची दारे मोजकी. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिलेल्या आदेशानंतर महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायदा सुधारला आणि पोलीस तक्रार प्राधिकरण आणले, राज्य पातळीवर आणि महसूल विभाग पातळीवर. पोलिसांच्या भ्रष्टाचाराची, खंडणीची तक्रार तिथे करता येते. लोकायुक्तांचा कायदा 1971 चा; अशी संस्था उभारण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. मंत्री आणि अधिकारी यांच्याविरुद्ध तक्रार तिथे नेता येते, पण त्या कायद्याखाली लोकायुक्तांनी शिफारस करायची आणि सरकारने विचार करायचा, अशी रचना.

ऑनलाइन जुगाराबाबत केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये वेगळा कायदा केला. पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, आणि कौशल्याचा खेळ असल्याची सबब तिथे चालत नाही. म्हणजे मोबाइलवर रमी खेळवणे गुन्हा, आणि महामार्गावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीच रमी खेळवणारा 1967 च्या निकालाची प्रत भिंतीवर लावून निवांत.

माझ्या मते फार मोठा नवा कायदा लागणार नाही. परवान्याच्या अर्जातच जागेचा मालक, प्रत्यक्ष चालवणारा आणि नफ्यात वाटा घेणारा अशी तिन्ही नावे, त्यांच्या लोकप्रतिनिधींशी आणि अधिकाऱ्यांशी असलेल्या नात्यासह, प्रतिज्ञापत्रावर घ्यावीत. खोटे निघाले तर परवाना गेला. अपील मंत्र्याकडे न जाता जिल्हा न्यायाधीशाकडे जावे. क्लबची अचानक तपासणी त्याच ठाण्याने न करता बाहेरच्या जिल्ह्याच्या पथकाने, धर्मादाय कार्यालयाचा हिशेबनीस सोबत घेऊन करावी, कारण पुरावा पत्त्यांत नसतो, वहीत असतो. आणि क्लबवर कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याची मुदतीआधी बदली झाली तर तिचे कारण लेखी प्रसिद्ध व्हावे. यातले शेवटचे सगळ्यात स्वस्त आहे आणि म्हणूनच ते सगळ्यात शेवटी होईल.

नागरिकाला आज काय मागता येते

तोवर माहितीचा अधिकार आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेकडे करमणुकीच्या जागांच्या चालू परवान्यांची यादी, अर्जासोबतच्या ना हरकती आणि पोलीस अहवाल मागता येतात. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात संस्थेचा पीटीआर (सार्वजनिक न्यास नोंदवही) उतारा, घटना, बदल अर्ज आणि लेखापरीक्षण अहवाल मिळतात. विश्वस्तांची आडनावे तिथेच वाचायला मिळतील. पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे कलम 4 आणि 5 खालचे गुन्हे किती आणि कलम 12 खालचे किती, हे तालुकानिहाय विचारावे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी अशा आठ तालुक्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की कुठे फक्त झाडाखालचे पकडले जातात ते दिसेल.

अर्ज लिहिताना ध्यानात ठेवावे: महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा. म्हणून तीन कार्यालयांना तीन वेगळे अर्ज. प्रत्येकाचे शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ; उत्तराची मुदत 30 दिवस.